पैंजणांची झाळ

बर्मिंगहॅम

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की गणपतीला आलेले चाकरमानी ‘९२५ आहे का?’ असं का विचारतात, आणि पैंजणांच्या कड्या सुटू नयेत म्हणून काय करावं. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. शुद्ध चांदी फार मऊ. बाप्पाचा केवडा, दुर्वांची जुडी, जास्वंद हे शुद्ध पत्र्याचंच करा. पत्रा हवा तसा वळतो आणि वस्तू वर्षभर डब्यात असते. जोडवी मात्र दिवसभर जमिनीला घासतात, चिऱ्याच्या पायरीवर आपटतात. तिथे तांबं हवंच. शुद्ध तेच चांगलं असं गिऱ्हाइकाला वाटतं, त्याला हे समजावून सांगा. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे चांदीच्या हॉलमार्कलाही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक, आला आहे. सक्ती नाही, तरी घ्या. इथला जहाजाच्या नांगराचा छाप १७७३ पासून चालू आहे, आणि लोक आजही वस्तू उलटी करून आधी तोच शोधतात.

आता कड्या. चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. म्हणून नुसता सांधा तापवायला गेलं की ताव सगळ्या पैंजणात पसरतो आणि सांधा थंडच राहतो. आधी सगळी वस्तू सारखी तापवायची, मग ज्योत सांध्यावर आणायची. टाकणखार काचेसारखा पातळ झाला की झाळ, म्हणजे सांधा जोडणारा वितळलेला धातू, आपोआप फटीत धावते. तशी धावली नाही, नुसती गोळी होऊन बसली, तर ती कडी पुढे सुटणार हे धरून चाला. ९२५ चांदी ८०० अंशांच्या वर गेली की वितळू लागते, तेव्हा हात सावध हवा.

याच भीतीने आपले कारागीर लवकर वितळणारी कॅडमियमची झाळ वापरतात. बाबा, हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. ज्योत जरा जास्त लागली की त्याची वाफ हवेत जाते आणि तिचा पिवळसर-तपकिरी धूर होतो. धूर दिसला नाही तरी तो छातीत जातच असतो. त्या दिवशी काही जाणवत नाही. रात्री अंग मोडून येतं, ताप येतो, आणि आपण म्हणतो पावसात भिजलो. वर्षानुवर्षं गेला की मूत्रपिंडं निकामी होतात. युरोपात २०११ मध्ये दागिन्यांत आणि झाळीत कॅडमियमवर बंदी आली. आपल्या मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही पावसाळ्यात बंद. ती झाळ आजच काढून टाका. चांदी, तांबं आणि जस्ताची झाळ घ्या. ती ७०० ते ७८० अंशांत चालते. जास्त तावाची आधी, कमी तावाची शेवटी, म्हणजे पहिले सांधे उघडत नाहीत. आणि भिंतीत पंखा बसवा. पैसे मी पाठवते, त्यावर वाद घालू नका.

आईला सांगा, देवाची चांदी काळी पडते ती गंधकाने. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास येतो ना, त्यातलाच तो वायू. रबरबँड आणि लोकरीतही गंधक असतं, म्हणून दुर्वांच्या जुडीला रबर लावू नये, सुती कापडात गुंडाळावी. काळी झालीच तर अॅल्युमिनियमच्या कागदावर ठेवून गरम पाण्यात खायचा सोडा घालावा. काळेपणा जातो आणि चांदी झिजत नाही. खडे किंवा मीना असलेल्या वस्तूंना मात्र हे करू नये.

खोकल्यासाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा झाळीचं काम करता हे आवर्जून सांगा. काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळवा. आईस व आजीस नमस्कार.

तुमची लेक