आधी त्याला विचार, तू कुणासाठी थांबलायस?

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन लागला तेव्हाच तू लॅपटॉपचं बटण दाबलं होतंस. तुझं काम, तुझा खोकला, झोप, सगळ्याची चौकशी करून झाली तरी तुझी फाइल काही उघडली नव्हती. शेवटी वैतागून म्हणालीस, "आई, आता हा टाकून नवाच घेते." तेव्हा मी काही बोलले नाही. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं, म्हणून सकाळी हे लिहायला बसले.

हा लॅपटॉप पाच वर्षं माझ्याकडे होता, मग तुझ्याकडे आला. मी तो दोनदा उघडून साफ केलाय, त्यामुळे आत काय आहे ते मला पाठ आहे. तुझी तक्रार खरी आहे, पण तो संपलेला नाही, अडकलेला आहे. प्रोसेसर वयोमानाने मंद होत नाही गं. थंड राहिला तर पहिल्या दिवशी जेवढ्या वेगाने काम करत होता, तेवढ्याच वेगाने आजही करतो. दरम्यान वेबसाइट जड झाल्या, प्रोग्राम जड झाले, आणि आता तो बिचारा सारखा कुणाची तरी वाट बघत बसतो. ती कुणाची, हे आधी शोधायचं. ते न शोधता दहा ठिकाणी वाचलेले दहा उपाय करत बसलीस तर रविवार जाईल आणि लॅपटॉप होता तिथेच राहील.

तर सुरुवात अशी कर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सचा भाग आहे. सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यांचे आलेख तिथे दिसतील. ती खिडकी कोपऱ्यात ठेवून तुझं नेहमीचं काम सुरू कर, आणि तो ज्या क्षणी अडेल त्याच क्षणी तिकडे बघ. शांत असताना घेतलेले आकडे काही कामाचे नाहीत, ताप चढलेला असतानाच थर्मामीटर लावायचा.

माझा अंदाज सांगते. डिस्क १०० टक्के दिसेल, आणि गंमत म्हणजे वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. पूर्ण राबतेय आणि काम तर काहीच होत नाहीये, असं कसं? ते नीट समजून घे, कारण सगळं दुखणं इथेच आहे.

आपल्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. तिची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी ते हेड योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. सगळं धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला पंधरा-सतरा मिलिसेकंद. सेकंदाला साठ-पासष्ट जागा, बस. विंडोज सुरू होताना डिस्कभर विखुरलेल्या हजारो लहान लहान फाइली वाचल्या जातात. कर हिशोब! डिस्कचा सगळा वेळ धावण्यात जातो, वाचणं नावालाच. काल फोनवर बारीक करकर ऐकू येत होती ना, ती याच धावपळीची.

हिच्या जागी एसएसडी बसवता येते, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात हलणारं काहीच नसतं. एखादी लहान फाइल शोधून वाचायला तिला साधारण एक दशांश मिलिसेकंद पुरतो. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर जुनी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते आणि आपल्या लॅपटॉपच्या साटा जोडणीवरची एसएसडी पाचशेच्या आसपास, म्हणजे फरक पाचपट. पण विखुरलेल्या वाचनात तो शेकडोपट होतो, आणि आपलं रोजचं काम बहुतेक विखुरलेलंच असतं. म्हणून मी कुणालाही पहिला उपाय हाच सांगते, जुनी डिस्क काढून एसएसडी बसव. बाकी सगळं मिळून जेवढा फरक पडेल, त्याहून जास्त या एका बदलाने पडतो.

घेताना 'अडीच इंची साटा' असं बघून घे. ती लांबट, पट्टीसारखी एम डॉट टू एसएसडी घेऊ नकोस, आपल्या लॅपटॉपमध्ये तिची जागाच नाही. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड आहे, नवी सातच मिलिमीटरची असेल. ती आत हलू नये म्हणून काहींसोबत प्लास्टिकची पातळ चौकट येते. स्क्रूची छिद्रं तीच आहेत.

पण थांब. डिस्क बदलायच्या आधी, किंबहुना काहीही करायच्या आधी, बॅकअप. हे मी आई म्हणून नाही, पोळलेली बाई म्हणून सांगतेय. तू शाळेत होतीस तेव्हा आपला घरचा कॉम्प्युटर असाच हळू झाला होता. अधूनमधून टक टक असा आवाज यायचा. मला वाटलं, फाइली विस्कटल्या असतील, म्हणून त्यांचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं डीफ्रॅगमेंट रात्रभर लावून झोपले. डिस्क मरायला टेकली होती आणि मी तिला रात्रभर पळवलं. सकाळी ती उघडलीच नाही. तुझे दोन वर्षांचे फोटो त्यात होते. तुझ्या पहिल्या नाटकाचा एकही फोटो घरात नाही, तो त्यामुळे. मला ते अजून लागतं.

म्हणून आधी डिस्कची तब्येत बघ. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा, फुकट प्रोग्राम आहे. डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते त्या तो वाचून दाखवतो. पिवळा किंवा लाल रंग दिसला, किंवा 'पेंडिंग सेक्टर'च्या पुढे शून्याऐवजी दुसरं काही असलं, तर समज की डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झालेत आणि ती तेच तेच पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. मंदपणाचं हेही एक कारण असतं, आणि तेव्हा वेगापेक्षा जीव वाचवणं महत्त्वाचं. बाकी सगळं सोड, तुझा प्रबंध आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरव, मगच पुढचं.

आता मेमरी. आपल्याकडे ४ जीबी रॅम आहे. रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा असं धर. ओट्यावर जागा संपली की लॅपटॉप काही वस्तू माळ्यावर टाकतो आणि लागतील तेव्हा पुन्हा उतरवतो. आपला माळा तर वर सांगितला तसला, सेकंदाला जेमतेम साठ जागा गाठणारा! ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडलेस की नेमकं हेच सुरू होतं. पहिला टॅब उघडायला गेलीस की तो परत माळ्यावरून खाली यायचा असतो. मेमरीचा आलेख काम करताना सतत ८५–९० टक्क्यांच्या वर दिसला तर रॅम वाढवायलाच हवी. चांगली गोष्ट अशी की आत दोन खाचा आहेत आणि त्यातली एक रिकामी आहे, मी स्वतः बघितलीय. (हल्लीच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, मग काही करता येत नाही. या बाबतीत आपला जुनाच बरा.) तिथे आणखी ४ जीबी बसव. डीडीआर३एल प्रकारची, १.३५ व्होल्टची, लॅपटॉपच्या आकाराची. डीडीआर४ बसणार नाही, तिच्या कडेवरची खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवायला जाऊ नकोस. आणि हो, सेटिंगमध्ये 'सिस्टम टाइप' बघून ठेव. तिथे ३२ बिट लिहिलेलं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम विंडोजला वापरताच येणार नाही. मग ६४ बिट नव्याने टाकावं लागेल.

कधी कधी मात्र डिस्कही मोकळी, मेमरीही मोकळी, आणि तरी सगळं कूर्मगतीने. तेव्हा सीपीयूच्या आलेखाखालचा 'स्पीड' बघ. पहिली दहा मिनिटं ठीक आणि मग पंखा घोंघावत वेग खाली येत असेल तर तो तापतोय. ९५–१०० अंशांच्या आसपास गेला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पंखा आणि त्याच्या पुढची तांब्या-ॲल्युमिनियमची जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून तो दिसतही नाही. साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. हवेच्या झोताने ती सुसाट फिरली तर पंखाच खराब होतो. प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावलेली थर्मल पेस्टही वाळली असेल, ती आपण सुट्टीत बदलू, ते काम एकटीने करू नकोस. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून काम करायची तुझी सवय मोड. त्याचं नाक खाली आहे.

तो स्पीड ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास खिळून राहिला असेल तर चार्जर तपास. चार्जर ओळखता आला नाही की काही लॅपटॉप प्रोसेसरला मुद्दाम खालच्या वेगाला बांधून ठेवतात. तू मैत्रिणीचा चार्जर लावतेस असं मागे म्हणाली होतीस, म्हणून लिहिलं. हे कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

फुकटातलं थोडंसं. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप'ची, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी आहे. अँटिव्हायरस आणि टचपॅडसारख्या गोष्टी सोडून बाकीच्या बहुतेक बंद कर. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढ. डिस्कवर थोडी मोकळी जागा ठेव. रजिस्ट्री साफ करणारे, 'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' म्हणणारे प्रोग्राम घेऊ नकोस. त्यातले बरेचसे स्वतःच मागे बसून मेमरी खातात. आणि आठवड्यातून एकदा शट डाउन न करता रीस्टार्ट कर. 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं तेव्हा शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं, त्यामुळे आतला गुंता तसाच राहतो. रीस्टार्टने तो खरंच सुटतो.

विंडोजचंही बोलायला हवं. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय असलेली चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आपला पाचव्या पिढीतला आहे. अटी चुकवून ते बसवायच्या युक्त्या आहेत, पण तुझ्या प्रबंधाच्या मशीनवर मला तसलं काही नको. नवी एसएसडी कोरीच असेल, तर तिच्यावर जुन्याची नक्कल न करता विंडोजच्या जागी चालणारं फुकट लिनक्स मिंट टाक, त्यातही एक्सएफसीई वाला प्रकार, तो हलका आहे. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतो, लॅपटॉपला धक्का लागत नाही. पेन ड्राइव्हवर तो मंद वाटेल, त्यावरून मत बनवू नकोस. वायफाय, आवाज आणि कॅमेरा चालतो का तेवढं बघ. मराठी टायपिंग चालतं, देवनागरी कीबोर्ड त्यात असतोच. तुझ्या मार्गदर्शकांना विशिष्ट विंडोजवालाच प्रोग्राम लागत असेल, तर मात्र हे करायच्या आधी त्यांना विचार.

एक गोष्ट यातल्या कशानेही सुटणार नाही. नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ, विशेषतः एव्ही१ मधले, उलगडायची सोय या प्रोसेसरच्या चिपमध्ये नाही. तो प्रकारच २०१८ मध्ये आला. ते काम सगळं प्रोसेसरच्या अंगावर पडतं. व्हिडिओ ७२० वर ठेवून बघ. तेवढं या लॅपटॉपसाठी सोसायला हवं.

झाकण उघडशील तेव्हा चार्जर आणि बॅटरी आधी काढ, आणि आत हात घालण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लाव. स्क्रू सगळे एका लांबीचे नाहीत. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढ आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लाव. सगळे काढूनही झाकण सुटलं नाही तर ओढू नकोस. मागच्या डावीकडच्या रबरी पायाखाली एक लपलेला आहे. मला पहिल्या वेळी तो सापडायला तास लागला होता.

पण हे सगळं शनिवारी. आज रात्री फक्त बॅकअप लाव, आणि झाला की कितीही वाजले असले तरी मला कळव.

तुझी,
आई