काडीकचऱ्यातला कार्बन

महोदय,

करवंट्या, लाकडाचा भुसा, भाताचे तूस यांसारखा कचरा प्राणवायूविना तापवून कोळसा करायचा आणि तो पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीसह ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजला, की मिळणाऱ्या सच्छिद्र कार्बनच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ २,००० चौरस मीटरांहूनही अधिक भरू शकते. सुपरकपॅसिटर या वीज साठवणाऱ्या साधनात विद्युतभार याच पृष्ठभागावर साठतो. मात्र छिद्रे नुसती पुष्कळ असून भागत नाही, आयन (विद्युतभारित कण) शिरतील एवढी ती रुंदही हवीत. हे साधन झटपट भारित होते, पण लिथियम-आयन बॅटरीइतकी ऊर्जा त्यात मावत नाही, ही बाब (उत्साहाच्या भरात) मागे पडते. कचरा फुकट असला, तरी अल्कली धुण्याचे पाणी आणि भट्टीची ऊर्जा फुकट नसते; अशा संशोधनाच्या बातम्यांत तो हिशेबही छापावा, ही विनंती.

– एक वाचक