एका खोलीत चौघांची झोप

प्रिय मुक्ता,

तुझं पत्र मिळालं. खोली एकच, पलंग एकच, ईशान अजून तुझ्या केसांत बोटं अडकवल्याशिवाय झोपत नाही, आणि आता बाळ येणार. ‘कुणाला कुठे झोपवू?’ या प्रश्नानं तुझी झोप उडाली असेल तर त्यात नवल काहीच नाही.

माझं ऐकशील तर आधी ईशानचं बघ. त्याची जागा बदलायची असेल तर आत्ताच बदल. बाळ घरी आल्यावर त्याला तुझ्या कुशीतून हलवलंस, तर बाळानं आपली जागा बळकावली असंच त्याला वाटणार, आणि ते त्याच्या मनातून काढणं फार अवघड. पलंगाशेजारी खाली त्याची गादी घाल, बाबाला त्याच्याजवळ झोपू दे. सुरुवातीला तूही तिथं आडवी हो आणि त्याला झोप लागली की उठ. केसांऐवजी तुझी एखादी वापरातली ओढणी त्याच्या हातात दे. माझ्या लेकीनं ती इतकी मनावर घेतली की धुवायलाही देईना!

बाळाची जागा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, तुझ्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणात. गादी सपाट आणि टणक हवी. उशी, लोड, दुलई, मऊ खेळणी यातलं काहीही जवळ नको. निदान पहिले ६ महिने बाळानं आईबाबांच्या खोलीतच, पण वेगळ्या बिछान्यावर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञच सांगतात. म्हणजे खोली एकच आहे याचं वाईट वाटून घेऊ नकोस. झोपवायचं ते प्रत्येक वेळी पाठीवरच. कुणी कुशीवर किंवा पालथं झोपव म्हणालं तर सांग, अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं.

दोघा भावंडांना एका अंथरुणावर मात्र झोपवू नकोस, अगदी दुपारीसुद्धा. लहान मूल झोपेत कुठे लोळेल याचा नेम नसतो, आणि जागेपणी मायाही भारी असते. माझी लेक एकदा ‘बाळाला थंडी वाजते’ म्हणत आपलं पांघरूण थेट त्याच्या तोंडावरून घालायला निघाली होती. ईशानला दुसरं काम दे. झोपताना दिवा त्यानंच मालवायचा.

बाळ रडलं की ईशान उठेल, ही तुझी मोठी धास्ती. पण मोठ्या मुलांची गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात असते, तेव्हा शेजारी रडारड झाली तरी ती बहुतेकदा कूसही बदलत नाहीत. पहाटे झोप सावध होते, म्हणून लंगोट, कपडे, पुसायचं फडकं सगळं हाताशी ठेव आणि मोठा दिवा लावूच नकोस. आणखी एक. तान्ही बाळं झोपेत कण्हतात, हातपाय झाडतात, चेहरा वेडावाकडा करतात. त्यांची जवळपास निम्मी झोप अशीच चुळबुळीची असते. प्रत्येक आवाजाला उचललंस तर तूच त्याला जागं करशील. जरा थांब, डोळे उघडून खरंच रडायला लागलं तरच उचल.

आणि हे नीट लक्षात ठेव: डोळे मिटायला लागले असतील तर सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजायला बसू नकोस. तिथं बाळासकट डुलकी लागणं पलंगापेक्षाही धोक्याचं. त्यापेक्षा पलंगावरच्या उशा-पांघरुणं बाजूला सारून पाज, आणि डोळा लागलाच तर जाग येताक्षणी बाळाला त्याच्या जागी ठेव.

नवजात बाळ दिवसभरात १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. रात्र आणि दिवस वेगळे कळायला २-३ महिने जातात. तोवर तुझी झोपही तशीच होणार, त्यामुळे रात्रीची एक पाळी बाबाकडे द्यायचं आत्ताच ठरवून टाक. ईशानला झोपवण्याची वेळ मात्र तुझी आणि त्याचीच राहू दे. तेवढा वेळ बाळ बाबाच्या कडेवर, आणि गोष्ट संपून ईशान झोपला की मग बाळाला खोलीत आण.

ईशानची गादी या आठवड्यातच घाल आणि तो तिथं कसा झोपला ते लगेच कळव. ओढणी चालली नाही तर दुसरं काहीतरी शोधू.

तुझीच,
शमा