स्कॅनरला खाते कशाला?

महोदय,

गेल्या महिन्यात घरी नवा प्रिंटर आणला. मुलीच्या प्रवेशासाठी दाखल्याचे एक पान स्कॅन करायचे होते, तर कंपनीचे सॉफ्टवेअर म्हणते, आधी खाते उघडा. ईमेल दिला, ओटीपी आला, मग पत्ता विचारला, मग घरपोच शाईची योजना पुढे केली. दाखला बिचारा तोवर काचेवर पालथा पडून! शेवटी शेजारच्या मुलाने विंडोजमधलेच ‘फॅक्स अँड स्कॅन’ उघडून दिले आणि दोन मिनिटांत काम झाले. मग ते भलेमोठे धूड उतरवून घ्यायला लावले कशासाठी?

यात नुसता मनस्ताप असता तरी सोसला असता; पण कंपनीने माथी मारलेले सॉफ्टवेअर धोक्याचेही ठरू शकते. २०१४ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ हा जाहिराती घुसडणारा प्रोग्रॅम आधीच भरून दिलेला होता. त्याने सुरक्षित संकेतस्थळांचे कुलूपही कुचकामी केले होते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित पाहणारी तिथली सरकारी संस्था) त्यावर कारवाई केली. आपल्याकडे निदान खोक्यावर ‘खाते उघडल्याशिवाय स्कॅन होणार नाही’ एवढे तरी ठळक छापायला लावावे. दुकानदारालाही ते ठाऊक नव्हते.

– एक ग्राहक, सातारा