मिस्टर गल्ली

प्रिय सुन्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. ज्याचा पैसा त्याचा क्लब, बाकीच्यांनी तिकीट काढून मॅच बघावी आणि गप घरी जावं, असं तू म्हणतोस? आपल्या कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या टीमची फुटबॉल मॅच असली की भर दुपारी दुकानाचं शटर ओढून शाहू स्टेडियमवर पळणारा तू? उत्तर लांबणार होतं म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं.

गेल्या शनिवारी बेरीला मॅच बघायला गेलेलो. मँचेस्टरातून ट्राम जाते. (स्पेलिंग बघून मी वर्षभर 'बरी' म्हणत होतो, ऑफिसातली पोरं फिदीफिदी हसायची.) तिथला क्लब 1885 चा, एफए कप (तिथली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा) दोनदा मारलाय, त्यात 1903 ची फायनल तर 6-0. आणि हाच क्लब 2018 च्या डिसेंबरात कितीला गेला माहितेय? एक पाउंड! आपल्याकडं त्यात फार तर एक मिसळ येईल. डोक्यावर कर्जच तेवढं होतं. नव्या मालकाला लीगवाले म्हणत राहिले की बाबा पैसे कुठून आणणार ते दाखव, पण ही चौकशी क्लब त्याच्या हातात गेल्यावर चाललेली, त्यानं काही दाखवलं नाही, आणि 27 ऑगस्ट 2019 ला क्लब लीगच्या बाहेर.

माझ्या शेजारी एक आजोबा बसलेले. हाफटाइमला त्यांनी पाकिटातून 2019-20 चं सीझन तिकीट काढून दाखवलं. कोपरे झिजलेत, पण गेटवर एकदाही लागलेलं नाही. त्या शेवटच्या दिवशी म्हणे आशा होती की कोणीतरी क्लब घेतंय, शनिवारी मॅच होणार, तर शेकडो माणसं झाडू-बादल्या घेऊन स्टेडियम साफ करायला आली. आजोबांनी आपली अख्खी रांग पुसून काढली, घरी जाऊन जेवले आणि रात्री बातमी ऐकली. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला काय बोलावं तेच सुचेना लेका.

मग लोकांनीच नवीन टीम काढली, आपसात भांडले पण (तालमीत दोन गट पडतात तसंच), 2022 ला ग्राउंड परत विकत घेतलं, 2023 ला गट एक झाले आणि आता खालच्या लीगमध्ये खेळतायत.

आणि हे एकट्या बेरीचं नाही. लिव्हरपूलनं 2016 मध्ये 77 पाउंडाचं तिकीट ठेवायचं ठरवलं, तर 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालायला लागले, टीम 2-0 पुढे असताना! मॅच 2-2 सुटली आणि मालकांनी दर मागं घेतला. 2021 ला सुपर लीगमध्ये (युरोपातल्या बड्या क्लबांनी आपल्यापुरती काढलेली वेगळी लीग) जायला निघालेले सहाच्या सहा इंग्लिश क्लब दोन दिवसांत परत फिरले, त्यात रस्त्यावर उतरलेल्या लोकांचा वाटा मोठा. त्याच वर्षी तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच बाईंच्या समितीनं क्लबांच्या कारभारावर सरकारला 47 शिफारशी केल्या, मग बिल आलं, निवडणुकीत लटकलं, सरकार बदललं, परत आलं आणि जुलै 2025 ला कायदा झाला. आता वरच्या पाच डिव्हिजनच्या क्लबांवर स्वतंत्र रेग्युलेटर (देखरेख ठेवणारी संस्था) आहे. खेळायला लायसन लागणार, नव्या मालकाचा पैसा कुठला ते आधीच तपासणार, ग्राउंड असं परस्पर विकता येणार नाही, लोगो आणि जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांना विचारावं लागणार.

तिकिटाचा दर ठरवायचा अधिकार मात्र रेग्युलेटरला नाही, क्लबांना फक्त 'चाहत्यांशी बोला' एवढंच. नेमकं जिथं दुखतं तिथंच फुंकर मारून सोडलंय असं माझं मत.

पण तू मालकाचं बोलत होतास ना? आजोबांनी मला विचारलं, तुमच्या गावातला क्लब कोणाचा? मी म्हटलं, गल्लीचा. तर म्हणतात, हा मिस्टर गल्ली बराच श्रीमंत आहे का? मग तालीम, पेठ, सगळं समजावत बसलो, मॅच संपेपर्यंत. बाटल्या फेकतात ते नाही सांगितलं.

जानेवारीत येतोय. पाटाकडील-दिलबहार असेल तर दोन तिकिटं काढून ठेव, पैसे तुझे.

तुझाच,
पक्या