वेर्ण्याच्या लॅबमधल्या माझ्या माणसांना थँक्यू
गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात आहे मी, मध्यंतरी एका बॅचच्या टेस्टवर मागची तारीख घालून सही कर म्हणून वरून प्रेशर आलं. शेड्यूल एम, म्हणजे औषध बनवण्याचे सरकारी नियम, सरळ सांगतं की नोंद काम करतानाच करायची, आणि ती गोळी शेवटी कुणाच्या तरी आईच्या पोटात जाणार ना! मी नाही म्हटलं तेव्हा शेजारी येऊन उभी राहिलेली सीनियर ताई, रात्रपाळी संपल्यावरही थांबून टेस्ट परत लावणारे दोघे, आणि मडगावच्या बसमध्ये "घाबरू नको गो, लेखी कळव" म्हणणारे अनोळखी काका, तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. नावं मुद्दाम लिहीत नाही, नोकऱ्या आहेत सगळ्यांच्या. बॅच थांबली, रिपोर्ट खऱ्या तारखेनेच गेला. देव बरें करूं!