अक्का, तुम्ही माझ्यासोबत वाचलंत

प्रिय अक्का,

सलाम.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तिला सांगा, भरभर वाचू नकोस. चारचौघांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "बास की गं" म्हणत चहा ठेवायला उठता.

आमचे हे गेले त्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी प्रार्थना केल्या, डबे आणले, पोराच्या शाळेची फी भरली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण जो तो जाताना एकच वचन सांगून जायचा, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. रोमकरांस पत्र, अध्याय ८, ओवी २८. मला ते लहानपणापासून पाठ. शब्बाथशाळेत अशी वचनं घडाघडा म्हणून मी दरवर्षी बक्षीस घ्यायचे. त्या दिवसांत मात्र ते कानावर पडलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. कुणाचं कल्याण? ह्यांचं, की दहावीतल्या पोराचं? मी बायबल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं आणि टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला परत जायला लागले. रविवारी उपासनेत ओठ हलायचे, तेवढंच.

तुम्ही महिन्याभरानं आलात. काखेत विड्यांचं सूप, पिशवीत तेलुगू बायबल. "मला मराठी वाचता येत नाही, तू तुझं काढ, मी माझं काढते," म्हणालात आणि ८८वं स्तोत्र उघडलंत. मी ते कधीच वाचलं नव्हतं. शब्बाथशाळेत ते कुणी पाठ करायला देत नाही. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो, तू तोंड का लपवतोस म्हणून विचारतो, माझी जिवाभावाची माणसं तू लांब केलीस म्हणतो, आणि स्तोत्र तिथंच संपतं. शेवटी उजाडत नाही. पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं की मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. मी वाचता वाचता थांबले. तुम्ही विडी वळत, मान वर न करता म्हणालात, "हे पण शास्त्रातच आहे. देवानं काढून नाही टाकलं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, अक्का. तुम्ही समजूत घातली नाहीत. अर्ध्या तासानं म्हणालात, "उद्या पहिल्यापासून."

मग रोज एक स्तोत्र. आधी तुम्ही तेलुगूत, मग मी मराठीत. २३व्याला तुम्ही वाचलंत, "यहोवा ना कापरि, नाकु लेमि कलुगदु." मी वाचलं, "मला काही उणे पडणार नाही." तुम्ही विचारलंत, उणे म्हणजे काय? मी म्हटलं, कमी. तुम्ही म्हणालात, लेमि म्हणजे नुसतं कमी नाही गं, घरात काही नसणं, गरिबी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून तुम्ही हे सांगत होतात. इतकी वर्षं पाठ असलेलं स्तोत्र मला त्या दिवशी कळलं.

तुमची बोटं पान कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायची आणि ओठ त्या दिवसाची ओळ पुटपुटत राहायचे. पहिल्या स्तोत्रात नीतिमान माणूस नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो, तिथं मूळ शब्द 'हागा' आहे. त्याचा अर्थ हळू आवाजात पुटपुटणं. मी मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं समजत होते. एकदा मला ओळ समजेना तर म्हणालात, "पानं कशी रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो? कोरडं पान वळायला गेलं की फाटतं. राहू दे आज."

पाचव्या महिन्यातली गोष्ट. रात्रपाळी सुटायच्या आधी खिडकीतून गेटवरचा वॉचमन दिसला. शाल लपेटून तो पूर्वेकडं बघत होता. आणि माझ्या तोंडून आपोआप १३०व्या स्तोत्रातली ओळ आली, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांची. ती ओळ तिथं लागोपाठ दोनदा आहे. मीही दोनदा म्हटली. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की मी प्रार्थना करत होते, आणि कुणीतरी ऐकत होतं.

त्याच आठवड्यात मी रोमकरांसचा आठवा अध्याय काढला, एकटीनं, सगळा. आणि २८व्या ओवीच्या आधी काय आहे ते प्रथमच पाहिलं. सगळी सृष्टी कण्हते आहे. आपणही कण्हतो. काय मागावं ते आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं ते वचन एवढं सगळं लिहिल्यावर लिहिलं आहे. मला सगळ्यांनी नुसती ती एक ओवी दिली होती. तुम्ही अख्खं पान वाचायची सवय लावलीत, म्हणून आज मला ते वचन बोचत नाही. मी त्यावर विश्वास ठेवते, अक्का. मनापासून ठेवते.

पुण्याला जाताना गाडी केडगाव स्टेशनवरून जाते तेव्हा आता मी तिथल्या पंडिता रमाबाईंची आठवण काढते. साध्यासुध्या बायकांना समजावं म्हणून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि १९२२ साली जाण्याआधी ते काम पुरं केलं. त्यांनी कष्ट घेतले ते कुणासाठी, हे मला तुमच्या सुपाशेजारी बसून कळलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही. आता मी मराठीत वाचते आणि तुम्ही आठवून तेलुगूत म्हणता, बहुतेक वेळा एक शब्दही न चुकता. दुसऱ्या फेरीत ११९वं चालू आहे. १७६ ओव्या, हिब्रू अक्षरांप्रमाणे आठ-आठचे बावीस भाग. मागच्या रविवारी 'मेम' अक्षराचा भाग संपला. तेंदूच्या पानाची तुमची पट्टी मी १०५व्या ओवीवर घालून ठेवली आहे. उपासना सुटली की येते. चहा मी ठेवेन, तुम्ही बसून राहा.

तुमची,
टॉवेलवाली